चित्रकलेचा धंदा आणि चित्रकाराची पट्टी

(संस्थेच्या लोणंद येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीनंतर काय, या विषयावर अशा व्यासपीठावरून आपण दरवर्षी भाषणे ऐकता. डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, आय.टी.आय. करा, भरतीला उभे राहा, हे सारे सांगून झालेले आहे. मी आज एका अशा व्यवसायाबद्दल बोलणार आहे, ज्याचे नाव घरात काढले की बहुतेक अब्बांच्या कपाळाला आठी पडते. मालाच्या पुड्यावर, डब्यावर, जाहिरातीत, कॅलेंडरवर जी चित्रे असतात ती कोणीतरी काढलेली असतात. ती काढणारा पुष्कळदा कोणाच्या नोकरीत नसतो. आज एका तेलवाल्याचे काम, उद्या एका बियाणे कंपनीचे, परवा एखाद्या प्रकाशकाचे, अशी कामे तो आपल्या जबाबदारीवर घेतो. त्याला स्वतंत्र व्यावसायिक चित्रकार म्हणावे. मुले त्याला फ्रीलान्सर म्हणतात.

मी स्वतः चित्रकार नाही. मी मराठी आणि इतिहास शिकवतो, आणि फळ्यावर काढलेला माझा भारताचा नकाशा पाहून मुले हसतात. मग या विषयावर मी का बोलावे? कारण असे की, गेल्या काही वर्षांत या व्यवसायात पडलेले आमचे माजी विद्यार्थी माझ्याकडे येतात, ते रंगसंगती विचारायला नव्हे, तर, “सर, पैसे मागायचं एक पत्र लिहून द्या” असे म्हणत. त्या पत्रांमधून हा धंदा मला जो कळला, तो आपल्यापुढे ठेवतो.

एका पालकांनी मला स्पष्टच विचारले होते, “सर, चितरं काढून प्वाट भरतंय व्हय?” हा प्रश्न मला मुळीच अडाणीपणाचा वाटत नाही. ज्याने आयुष्यभर कांद्याच्या गोणी उचलून मुलाला शिकवले, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझे उत्तर असे आहे, की पोट भरते, पण नुसती चित्रे काढून भरत नाही. चित्र काढणे हा या धंद्याचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग शाळेत कोणी शिकवत नाही, आणि मुले तेथेच मार खातात.

प्रथम हे काम केवढे मोठे आहे ते पाहा. पार्ले-जीच्या पुड्यावरची ती गुबगुबीत मुलगी आपल्या सर्वांच्या घरी आलेली आहे. ती अमक्याची मुलगी, तमक्याची मुलगी, अशा बातम्या मधूनमधून पसरतात. कंपनीच्या लोकांनी मात्र सांगितले आहे, की ती कोणाचीच मुलगी नव्हे. १९६० च्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरातसंस्थेतील मगनलाल दहिया या चित्रकाराने काढलेले ते चित्र आहे. कोट्यवधी लोकांनी चहात बिस्कीट बुडवताना तो चेहरा पाहिला, पण दहियांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? अमूल लोण्याची ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी १९६६ साली सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्या जाहिरातमोहिमेसाठी युस्टेस फर्नांडिस यांनी काढली. एअर इंडियाचा झुकून मुजरा करणारा महाराजा १९४६ साली बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून आला. एशियन पेंट्सचा रंगाचा डबा घेतलेला गट्टू १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढला. चित्राने माल ओळखला जातो. ज्याला वाचता येत नाही तोही दुकानात बोट दाखवून म्हणतो, ‘ते बाईच्या चित्राचं द्या.’

आपल्या मराठी मुलखात तर या व्यवसायाची परंपरा जुनी आहे. मडगावचे दीनानाथ दलाल यांनी स्वतःचा स्टुडिओ काढून मुखपृष्ठे, जाहिराती, कॅलेंडरे यांवर आयुष्य उभे केले आणि १९४५ पासून ‘दीपावली’ अंक चालवला. रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरे ज्या घरात नव्हती असे घर त्या काळी क्वचितच असेल. बेळगावात १९३५ साली जन्मलेले रवी परांजपे मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात शिरले, काही काळ आफ्रिकेत केनियात काम करून परतले, आणि पुढे स्वतंत्रपणे कंपन्यांसाठी चित्रे काढत राहिले. अजून न बांधलेली इमारत पुरी झाल्यावर कशी दिसेल, हे वास्तुशिल्पकारांना कागदावर दाखवून देण्याचे कामही त्यांनी फार नावाजण्याजोगे केले. २०२२ साली पुण्यात ते वारले. ‘ब्रश मायलेज’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचनालयात मिळाले तर मोठ्या मुलांनी अवश्य वाचावे.

दूर कशाला जायचे? आपल्या लोणंद स्टेशनावरून मिरजेकडे जी गाडी जाते, तिच्याच वाटेवर किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली तेथे नांगरांचा कारखाना निघाला. शेतकरी लोखंडी नांगराला हात लावायला तयार नव्हता. त्या कारखान्याच्या घरातले शंकरराव किर्लोस्कर हे मुळात चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांनी जाहिरातीचे काम अंगावर घेतले आणि १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. जाहिरात, चित्र आणि छपाई यांचा एवढा मेळ खेड्यातल्या माळावर बसून घालता आला, ही गोष्ट लोणंदच्या मुलाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या समाजाच्या बाबतीत बोलायचे तर, कोल्हापूर दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान हे कागलचे. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या प्रती सुबक अक्षरात लिहिण्याचे काम चालत असे, असे सांगतात. आणि पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन जगप्रसिद्ध होण्यापूर्वी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत होते आणि लाकडी खेळण्यांचे नमुने तयार करीत होते. पोटासाठी केलेल्या कामाने त्यांचा हात बिघडला नाही.

येथे एक नाजूक मुद्दा आहे, तो मी टाळत नाही. सजीवांची चित्रे काढावीत की नाही, असा प्रश्न काही पालक मला विचारतात. मी शिक्षक आहे. या बाबतीत निवाडा देणे माझे काम नाही. ज्याने त्याने आपल्या जाणत्या उलेमांना विचारावे आणि आपल्या मनाला पटेल तसे वागावे. मी एवढेच सांगू शकतो, की ज्याला माणसाचा चेहरा काढायचा नाही त्यालाही या व्यवसायात जागा आहे. वेलबुट्टी, अक्षरे, फळे, पाने, यंत्रे, इमारती, नकाशे, वेष्टनावरची नक्षी, हे सारे याच धंद्यातले काम आहे. शिवाय नोकरदाराला दारूच्या जाहिरातीचे काम आले तर नाही म्हणणे जड जाते. स्वतंत्र काम करणाऱ्याला ते नाकारता येते. त्या महिन्याची कमाई घटेल, हे मात्र खरे.

आता आपल्या भागात असे काम आहे का? आहे, आणि वाढते आहे. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, कोल्हापूरचा गूळ, महाबळेश्वर-पाचगणीकडचे स्ट्रॉबेरीचे जाम-सरबत, पूर्वी हा माल पुष्कळसा गोणीतून किंवा साध्या खोक्यातून जाई. आज छोटा उत्पादकसुद्धा अर्धा किलोचे देखणे पाकीट करतो. बचतगटाच्या बायका चटणी-मसाल्यावर स्वतःचे नाव छापतात. प्रत्येक पाकिटाला चित्र लागते. ते मुंबईच्या संस्थेकडून करून घेणे त्यांना परवडत नाही. हातात चांगले वळण असलेला लोणंदचा मुलगा हे काम करू शकतो, आणि काम फोनवर पाठवता येत असल्याने पुण्या-मुंबईचे काम येथे बसूनही करता येते.

कामाची रीत साधारण अशी. गिऱ्हाईक सांगते काय हवे ते, चित्रकार दोन-तीन कच्ची रेखाटने करून दाखवतो, त्यातले एक पसंत होते, मग रंग, मग दुरुस्त्या. या दुरुस्त्या हा मोठा सापळा आहे. ‘जरा हिरवं गडद करा’, ‘बाईच्या हातात बांगड्या घाला’, ‘आमच्या साडूला पिवळं आवडलं नाही’, असे करता करता तीन दिवसांचे काम पंधरा दिवस चालते. छपाईचे ज्ञानही लागते. फोनच्या काचेवर झळाळणारा निळा रंग छापखान्यात निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाईंतून जातो आणि मंद होऊन बाहेर येतो. हे आधी गिऱ्हाइकाला सांगितले नाही तर दोष चित्रकारावर येतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने (नाव सांगत नाही) एका मसालेवाल्याला पाकिटासाठी जात्यावर दळणाऱ्या बाईचे रंगचित्र काढून दिले. तोंडी ठरले तीन हजार, आणि ते मिळालेही. दुसऱ्या वर्षी तेच चित्र त्यांच्या कॅलेंडरवर आले, टेंपोवर आले, एस.टी. स्टँडसमोरच्या भिंतीवर आले. मुलगा विचारायला गेला तर उत्तर मिळाले, “पैसे दिले की तुला.” तो माझ्याकडे आला. मी कायदा वाचायला बसलो, आणि जे वाचले त्याने मीच चकित झालो.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचा सर्वसाधारण नियम असा, की ज्याने कलाकृती केली तो तिचा पहिला मालक. पण त्याला अपवाद आहेत. नोकरीत असताना केलेल्या कामाचा मालक धनी. आणि पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा. ‘वेगळा करार नसेल तर’ या चार शब्दांवर लक्ष द्या. आमच्या मुलाकडे कागदाचा कपटाही नव्हता. मसालेवाल्याचे वागणे मला आवडले नाही, पण कायद्याने त्याला अडवणे कठीण होते. उलट करार लेखी असेल तर हाच कायदा चित्रकाराला पुष्कळ देतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. हक्क विकल्यावरसुद्धा ‘हे चित्र माझे’ असे म्हणण्याचा, आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड कोणी केली तर हरकत घेण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो.

लोणंदच्या माणसाला हे समजावणे सोपे आहे. आपल्या कांदा बाजारात शेतकरी माल घालतो आणि आडत्याकडून पट्टी घेतो. किती गोणी, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती वजा, सारे त्या पट्टीवर असते. पट्टी न घेता बाजारातून निघालेल्या शेतकऱ्याला आपण वेडा म्हणू. मग चित्रकाराने आपला माल पट्टीशिवाय का द्यावा? फरक इतकाच की कांदा एकदा विकला की संपला, आणि चित्र संपत नाही. ते पाकिटावर वापरता येते, कॅलेंडरवर येते, भिंतीवर येते. म्हणून चित्रकार कागद विकत नसतो, वापराची परवानगी विकत असतो. कशावर वापरणार, किती दिवस, कुठे, हे तीन प्रश्न ज्याने विचारले नाहीत त्याने भाव ठरवलाच नाही.

पुढच्या वर्षी त्याच मुलाला बेदाण्याच्या खोक्याचे काम आले, तेव्हा आम्ही दोघांनी बसून एक पत्र लिहिले. विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी त्यातला मजकूर देतो:

“आपल्या बेदाण्याच्या अर्धा किलो व एक किलो खोक्यांसाठी एक रंगीत चित्र करून देण्याचे मी मान्य करतो. मोबदला रुपये ........ राहील. त्यातील निम्मी रक्कम काम सुरू करण्यापूर्वी व उरलेली अंतिम चित्र देताना द्यावी. पसंत केलेल्या रेखाटनात दोन वेळा दुरुस्ती करून देईन. त्यापुढील प्रत्येक दुरुस्तीस रुपये........ पडतील. चित्राचा स्वामित्वहक्क माझ्याकडे राहील. आपणांस ते फक्त वरील खोक्यांवर, भारतात, तीन वर्षे वापरण्याची परवानगी राहील. कॅलेंडर, वाहन, भिंत, वर्तमानपत्र किंवा इतर कोणत्याही वापरासाठी वेगळा मोबदला ठरवावा. काम मध्येच रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत होणार नाही.”

खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. मुलाला भीती होती, की कागद दाखवला तर गिऱ्हाईक पळेल. व्यापाऱ्याने पत्र दोनदा वाचले आणि म्हणाला, “कॅलेंडर मला पण पाहिजे, त्याचं किती?” व्यापारी कागदाला भीत नाही, त्याचा जन्मच कागदात जातो. तासाभरात कॅलेंडरची वेगळी रक्कम ठरली आणि शेवटच्या ओळी बदलून सह्या झाल्या.

भाव कसा ठरवावा? मुले येथे फार घोटाळा करतात. समजा महिन्याला २४,००० रुपये घरात यायला हवेत. मूल म्हणते, महिन्याचे दिवस २४, म्हणजे रोजचे हजार. हे चूक आहे. महिन्यातले निम्मे दिवस काम शोधण्यात, नमुने दाखवण्यात, दुरुस्त्यांत आणि पैशांच्या मागे लागण्यात जातात, त्या दिवसांचे कोणी देत नाही. पैसे मिळणारे दिवस १२ च धरा. रोज दोन हजारांवर गेला. तीन दिवसांचे चित्र म्हणजे सहा हजार, आणि ही झाली नुसती मजुरी. संगणक, वीज, रंग यांचा खर्च त्यात नाही, आणि मोठा वापर असेल तर परवानगीचे मोल त्याच्यावर. छोट्या बचतगटाला कमी घ्यावे, मोठ्या कंपनीला पुरते लावावे, यात अप्रामाणिकपणा नाही. ‘आता फुकट करून दे, नाव होईल’ असे म्हणणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला मात्र नम्रपणे सलाम करावा.

पैसे थकतात, हे तर विचारू नका. माझी निम्मी पत्रे त्यासाठीच असतात. ‘साहेब गावाला गेलेत’, ‘मार्च होऊ द्या’. येथे एक उपाय फार थोड्यांना ठाऊक आहे. घरातून एकट्याने चालवलेला व्यवसायही सरकारच्या उद्यम नोंदणीत सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. नोंदणी विनामूल्य आहे. अशा नोंदलेल्याला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार मिळतो. काम घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, आणि ती कितीही ठरली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे दिले पाहिजेत. नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. प्रत्यक्ष तक्रार करण्याची वेळ क्वचित येते. स्मरणपत्रात हे एक वाक्य घातले की ‘गावाला गेलेले’ साहेब पुष्कळदा परततात.

आता आपण म्हणाल, सर, हे सगळे खरे, पण आता यंत्रच चित्र काढते. चार ओळी लिहिल्या की मिनिटभरात चित्र हजर. मग मुलाला या वाटेला का पाठवावे? ही शंका मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या समाजात पेंटर पुष्कळ होते. ट्रकवरची वेलबुट्टी, दुकानाच्या पाट्या, नंबरप्लेटी यांवर कितीतरी घरे चालत. फ्लेक्स छापणारी यंत्रे आली आणि पाट्यांचे काम पाहता पाहता गेले. काही पेंटर चाचांनी ब्रश ठेवला आणि रिक्षा घेतली. काही जण संगणक शिकून त्याच फ्लेक्सच्या दुकानात बसले, आणि अक्षराची जाण असल्यामुळे त्यांचे फलक इतरांहून वेगळे दिसतात. या नव्या यंत्रानेही स्वस्त, साचेबंद काम जाईल, जातच आहे. ‘काहीतरी फुलंबिलं टाका’ म्हणणारे गिऱ्हाईक आता चित्रकाराकडे येणार नाही. ज्याला आपल्याच मळ्यातली हळद, आपल्याच गावची बाई, आपलेच जाते चित्रात हवे आहे, आणि जे चित्र शेजारच्या पाकिटावर दिसू नये असे वाटते, ते गिऱ्हाईक येत राहील. अशी गिऱ्हाइके थोडी असतील. म्हणून नुसता बरा हात असलेल्या मुलाला मी या वाटेला लावणार नाही. रोज सांगितल्याशिवाय वही घेऊन बसतो, त्यालाच लावीन.

मुलींबद्दल दोन शब्द. ‘घरी बसून करता येते, म्हणून मुलींना बरे’ असे पुष्कळ जण म्हणतात. आमच्या मुलींचे मेंदीचे हात पाहिले तर नक्षीकामात त्या मुलांना सहज मागे टाकतील. पण घरी बसून करायचे काम म्हणजे भाकरी आणि धुणे यांच्या मधल्या वेळात करायचे काम नव्हे. तिला रोजचे चार तास, एक टेबल आणि दार लावायची मुभा द्या. आणि तिच्या कमाईचे पैसे तिच्या नावाच्या खात्यात जाऊ द्या.

तयारी कोठून करायची? शाळेतूनच. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा आपल्याकडची मुले दहावीच्या वाढीव गुणांसाठी देतात आणि विसरतात. त्यातले वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन हाच या धंद्याचा पाया आहे. ते गुणांपुरते करू नये. बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी आहे, त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबईच्या जे. जे. मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ सालापासून आहे. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, सांगलीत कलाविश्व आहे. पुणे आणि सांगली दोन्ही आपल्या रेल्वेच्या वाटेवर आहेत. आणि चित्रकलेच्या नादात मराठी, इंग्रजी, गणित सोडू नका. वरचे पत्र आणि वरचा हिशेब त्याच विषयांतून आला आहे.

कराराच्या त्या पत्राचा आणि पैशांच्या स्मरणपत्राचा नमुना मी मराठीत आणि इंग्रजीत लिहून शाळेच्या कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी नकलून न्यावा. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर थांबतो. हाती आलेल्या कामाचा कागद दाखवायचा असेल तर सही करण्यापूर्वी दाखवावा.